वाइनट्राउब सिंकोपेटर्स : एका जर्मन नृत्यवाद्यवृंदाची परवड

पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनच्या नृत्यगृहांत अमेरिकन जॅझचा प्रभाव वाढला. १९२४ मध्ये स्टेफान वाइनट्राउब यांनी स्थापन केलेला ‘वाइनट्राउब सिंकोपेटर्स’ हा वाद्यवृंद त्या काळाचा प्रातिनिधिक ठरतो. ‘द ब्ल्यू एंजल’ (१९३०) या चित्रपटातही तो झळकला. बहुसंख्य वादक ज्यू असल्याने १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच त्यांच्यासाठी मायदेशाची दारे बंद झाली. युरोप, सोव्हिएत रशिया व जपान असा प्रवास करीत ते १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचले. तेथील वादक संघटनेने त्यांना विरोध केला. दुसऱ्या महायुद्धात काहींना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. जर्मनीने ज्यांना परके ठरविले, त्यांनाच ऑस्ट्रेलियाने जर्मन ठरविले. वाद्यवृंदाच्या विघटनाची कारणमीमांसा करताना हा विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही.