ओनील, जॉन
(२५ सप्टेंबर १९४० – १४ फेब्रुवारी २०१९). कृष्णवर्णीय अमेरिकन नाटककार, नट, नाट्यशिक्षक व लोकसंघटक. जन्म इलिनॉय राज्यातील माउंड सिटी येथे. सदर्न इलिनॉय विद्यापीठातील शिक्षणानंतर ते वंशभेदविरोधी विद्यार्थी चळवळीत कार्यकर्ते झाले. १९६३ साली मिसिसिपीतील टूगलू कॉलेजात डॉरिस डर्बी व गिल्बर्ट मोझेस यांच्यासह त्यांनी ‘फ्री सदर्न थिएटर’ उभारले. चर्च, मोकळी शेते, मिळेल ती जागा हाच रंगमंच, आणि प्रवेश विनामूल्य. जिथे कृष्णवर्णीयांना मतदारयादीत नाव घालायला जाणेही जिवावर बेतू शकत होते, तिथे ही मंडळी बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ हे नाटक घेऊन गेली. शेतमजुरांना ते समजणार नाही, ही शंका फोल ठरली. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

१९८० मध्ये न्यू ऑर्लीन्स येथे त्यांनी ‘जूनबग प्रॉडक्शन्स’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. चळवळीतल्या तोंडी कथांमधला जूनबग जॅबो जोन्स हा गोष्टीवेल्हाळ, शहाणा माणूस त्यांच्या एकपात्री नाटकांचा नायक आहे.

‘कथावर्तुळ’ ही त्यांची सर्वांत मोलाची देणगी मानावी लागेल. प्रयोगानंतरच्या चर्चेत मोजकेच लोक बोलतात आणि वाद माजतो, हे पाहून त्यांनी सर्वांना गोलाकार बसवले. प्रत्येकाने स्वतःची गोष्ट सांगायची, इतरांनी मध्ये न बोलता ऐकायचे. शाळांपासून वस्त्यांपर्यंत ही पद्धत आजही वापरात आहे. त्यांचे निधन न्यू ऑर्लीन्स येथे झाले.