पाण्याने केलेली बेटे, कुऱ्हाडीने केलेली बेटे

भूगोलाच्या तासाला पनामा कालवा शिकवताना आपण मुलांना नकाशावर दोन महासागर दाखवतो आणि दक्षिण अमेरिकेला घालावा लागणारा जहाजांचा वळसा कसा वाचला ते सांगतो. याच कालव्याची दुसरी एक गोष्ट जीवशास्त्राच्या तासाला सांगण्यासारखी आहे.

कालव्याला पाणी मिळावे म्हणून चाग्रेस नदीवर गातून येथे धरण बांधले गेले. धरणामागे पाणी साठत गेले, दऱ्याखोऱ्यांतले जंगल बुडाले. १९१४ साली कालवा सुरू झाला तोपर्यंत एका डोंगराचा माथा तेवढा पाण्याबाहेर उरून त्याचे बेट झाले होते. त्याचे नाव बारो कोलोरॅडो, क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस किलोमीटर. १९२३ साली हे बेट निसर्ग-अभ्यासासाठी राखून ठेवण्यात आले. तेव्हापासून अभ्यासक तेथे येत राहिले आणि दिसलेल्या प्राण्यापक्ष्यांच्या याद्या करत राहिले.

एडविन विलिस या पक्षिशास्त्रज्ञाने १९७४ साली या साऱ्या नोंदींचा हिशेब मांडला. बेटावर वीण करणाऱ्या पक्ष्यांपैकी चाळीसहून अधिक जाती नाहीशा झाल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जातींचे कारण सोपे होते. त्या झुडपी, मोकळ्या जागेत राहणाऱ्या होत्या आणि राखीव बेटावरच्या मोकळ्या जागा झाडांनी भरून गेल्या होत्या. पण दाट जंगलात राहणारे काही पक्षीही गेले होते. त्यांचे जंगल तर जागेवरच होते. मग ते का गेले?

गणिताच्या पुस्तकातला हौद

या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा विचार त्याआधीच मांडला गेला होता. रॉबर्ट मॅकआर्थर हे गणिताकडून परिसरविज्ञानाकडे वळलेले, तर एडवर्ड विल्सन मुंग्यांचे अभ्यासक. दोघांनी १९६७ साली समुद्री बेटांवरच्या जीवसृष्टीविषयी एक पुस्तक लिहिले. मोठ्या बेटावर जास्त जाती असतात, लहान बेटावर कमी, हे निसर्ग-अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत होते. असे का होते, ते या दोघांनी गणिती पद्धतीने मांडले.

आपल्या अंकगणिताच्या पुस्तकातला हौद आठवा. एका नळाने पाणी येते, दुसऱ्याने जाते. बेट म्हणजे असा हौद. बाहेरून नव्या जाती येऊन वस्ती करतात तो येणारा नळ, असलेल्या जाती नष्ट होतात तो जाणारा. बेट किनाऱ्यापासून जितके दूर, तितका येणारा नळ बारीक. बेट जितके लहान, तितका जाणारा नळ मोठा. याचे कारण असे, की लहान बेटावर प्रत्येक जातीचे प्राणी थोडेच असतात. एखादे वादळ, एखादी साथ, एखादा वाईट हंगाम त्यांना पुरतो. आवक आणि जावक सारखी झाली की हौदातली पातळी स्थिरावते. पाणी मात्र बदलत राहते.

आता बारो कोलोरॅडोकडे पुन्हा पाहा. डोंगर मोठ्या जंगलाला जोडलेला होता तेव्हा हौद काठोकाठ भरलेला होता. भोवती पाणी आल्यावर येणारा नळ बारीक झाला आणि जाणारा मोठा. पातळी उतरणे आता अटळ होते. फक्त ती उतरायला वर्षे लागली. तोडीनंतर उरलेल्या जंगलाच्या तुकड्यात आज दिसणारे सगळेच प्राणी उद्याही तेथे असतील असे नाही, हा या गोष्टीतला काळजीचा भाग.

विल्सन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल सिम्बर्लॉफ यांनी ही कल्पना प्रयोगानेही तपासली. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ खारफुटीची चिमुकली बेटे आहेत. १९६६-६७ मध्ये त्यांतली सहा निवडून त्यांवर तंबू ताणले आणि विषारी धुरी देऊन सगळे किडे मारले. पुढे वर्षभरात बहुतेक बेटांवर जातींची संख्या जवळजवळ पूर्वीइतकी झाली. सर्वांत दूरचे बेट मागे राहिले. संख्या भरून आली, पण जाती मात्र बऱ्याच वेगळ्या होत्या.

एक मोठे की अनेक लहान?

जंगलांची जगभर खांडोळी होत असताना हे तत्त्व अभयारण्यांना लावले जाणे स्वाभाविक होते. १९७५ साली जॅरेड डायमंड यांनी त्यावरून नियम मांडले: अनेक लहान अभयारण्यांपेक्षा एक मोठे बरे, दूरदूर असण्यापेक्षा जवळजवळ बरी, आणि सुटी असण्यापेक्षा जोडलेली बरी. पुढच्याच वर्षी सिम्बर्लॉफ आणि लॉरेन्स एबल यांनी हरकत घेतली. लहान तुकडे वेगवेगळ्या प्रकारच्या जागी असले, तर सगळ्यांत मिळून जाती जास्तही असू शकतात, असे त्यांचे म्हणणे. ज्याने सिद्धान्ताला प्रयोगाचा आधार दिला, त्यानेच त्याच्या सरसकट वापराला विरोध करावा, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

वाद कागदावर मिटणारा नव्हता. थॉमस लव्हजॉय यांनी त्यावर एक धाडसी उपाय काढला. ब्राझीलमध्ये मानाउस शहराच्या उत्तरेला गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले जाणार होते. जमीनमालकाने निम्मे जंगल राखावे, असा तेथे कायदा होता. राखायचेच आहे तर त्यातले काही मोजूनमापून राखा, अशी विनंती करण्यात आली. १९७९ पासून सुरू झालेल्या या प्रकल्पात १, १० आणि १०० हेक्टरांचे एकूण अकरा तुकडे राहिले. तोडीपूर्वीच तेथील पक्षी आणि झाडे मोजलेली होती, हे या प्रयोगाचे खरे बळ.

तोड झाल्याबरोबर तुकड्यांत पक्षी वाढले! निर्वासितांनी धर्मशाळा भरावी तसे बेघर पक्षी आत शिरले होते. मग घसरण सुरू झाली. तेथे लष्करी मुंग्यांच्या फौजा जंगलातून फिरतात, त्यांच्यापुढे किडे पळत सुटतात आणि काही पक्षी त्या किड्यांवरच जगतात. अशा पक्ष्यांना एकीची फौज विसावली की दुसरी गाठावी लागते. लहान तुकड्यात हे जमेना; ते पक्षी लवकर गेले. १०० हेक्टरांच्या तुकड्यांतही झाडोऱ्याच्या खालच्या थरातल्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत नाहीशा होतात, असा हिशेब पुढे निघाला.

समुद्री बेटांच्या सिद्धान्तात नसलेली एक गोष्टही दिसली. जंगलाच्या कडेने ऊन आणि कोरडा वारा आत शिरे. कडेपासून १०० मीटरपर्यंत मोठी झाडे मरून पडू लागली. म्हणजे नकाशावर तुकडा तेवढाच राहिला, तरी आतले खरे जंगल आक्रसत होते.

मधला समुद्र

सर्वांत मोलाचा धडा मात्र योजनेबाहेरचा होता. काही कुरणे तोट्यात जाऊन सोडून देण्यात आली आणि तेथे सेक्रोपियासारखी झाडे आपोआप वाढली. तेव्हा मुंग्यांमागे फिरणाऱ्या पक्ष्यांतले काही तुकड्यांत परत आले. तुकडा तोच, आकार तोच. बदलले होते ते भोवतालचे. खऱ्या बेटाभोवती समुद्रच असतो. जंगलाच्या बेटाभोवती काय असावे, हे पुष्कळसे माणसाच्या हाती असते. ‘एक मोठे की अनेक लहान’ या वादात मधल्या जागेकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते.

याचे एक उदाहरण आपल्याकडेही आहे. नागपूरहून उत्तरेला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. वाघाच्या दृष्टीने चौपदरी रस्ता हाही समुद्रच. तो रुंद करताना बराच वाद झाला आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवण्यात आली. त्यांतली सर्वांत लांब ७५० मीटरांची आहे. २०१९ साली तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्री, चितळ त्या वाटेने जाताना टिपले गेले. येणारा नळ थोडा उघडा राहिला. पण पुलापलीकडचे शेत, गाव आणि जंगल प्राण्याला पुढे जाऊ देईल तोवरच त्या वाटेला अर्थ आहे.

आपल्या शाळेजवळ देवराई असेल तर मुलांना तेथे न्या. उन्हाळ्यातल्या दुपारी कडेला, दहा पावले आत आणि मधोमध तापमापक धरून आकडे लिहून घ्यायला सांगा. मग बाहेर येऊन देवराईच्या चारही बाजूंना काय आहे याचा नकाशा काढू द्या. आतल्या पक्ष्यांचे भवितव्य बरेचसे त्या नकाशात सापडेल.