पवनार ते दिल्ली : विमानाने एक रात्र, पायी दोन महिने

१९५१ च्या सप्टेंबरात पवनारहून दिल्ली एका रात्रीवर होती. आश्रमापासून सत्तरेक किलोमीटरवरचे नागपूर १९४९ पासून रात्रीच्या हवाई टपालसेवेचे केंद्र बनले होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने नागपुरात एकत्र येत, टपाल आणि उतारूंची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूर-दिल्ली हे सरळ रेषेतले अंतर सुमारे ८५० किलोमीटर. डाकोटा विमानाला त्यासाठी साडेतीन तासांच्या आसपास पुरत.

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर विनोबा भावे यांनी कठोर टीका केली होती. सर्वांना काम आणि अन्नाची स्वयंपूर्णता यांची हमी त्यांना त्यात दिसली नाही. पंडित नेहरूंनी नियोजन आयोगाशी चर्चेसाठी त्यांना दिल्लीस बोलावले. विनोबांनी येण्याचे मान्य केले. मात्र पायी, आणि आपल्या सवडीने.

ज्या आयोगाशी बोलायचे, त्याचे एक सदस्य होते अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख. विनोबा १८९५ च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मले. देशमुखांचा जन्म त्यानंतर चारच महिन्यांनी महाडजवळच्या नाते गावी झाला आणि त्यांचे बालपण बरेचसे रोह्यात गेले. पेण आणि रोहे यांत सरळ रेषेने तेहतीसेक किलोमीटरचे अंतर. एकाने १९१६ साली इंटरची परीक्षा सोडून काशीची वाट धरली. दुसरा केंब्रिजला गेला, आय.सी.एस. झाला, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. कुलाबा जिल्ह्याच्या एकाच पिढीतून निघालेल्या या दोन वाटा योजनेच्या मसुद्यापाशी येऊन मिळाल्या.

१२ सप्टेंबरला विनोबा निघाले. रस्त्याने अंतर सुमारे १,३०० किलोमीटर, म्हणजे दिवसाला सरासरी एकवीस. विमानाच्या नकाशात नागपूर आणि दिल्ली हे दोनच ठिपके; पायी जाणाऱ्याला रोज एक नवे गाव लागे, तेथे मुक्काम, प्रार्थना आणि भूमिहीनांसाठी जमिनीची मागणी. पोचमपल्लीला त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेले भूदान तेलंगणातील अशांततेमुळेच चालले, असा आक्षेप होता. तो या वाटेवर टिकला नाही. दिल्ली येईपर्यंत १८,००० एकरांहून अधिक जमीन दान मिळाली होती. (पुढे देशभर मिळालेल्या भूदानातील बरीच जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली, हेही विसरता येत नाही.)

नोव्हेंबरच्या मध्यास ते राजघाटाजवळच्या झोपडीत उतरले आणि अकरा दिवस राहिले. चर्चेसाठी नेहरू आणि आयोगाचे सदस्य तेथे येत.

नंतर ते उत्तर प्रदेशाकडे चालू लागले. पवनारला ते परतले १९६४ साली. तोवर एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने मुंबई-लंडन मार्गावर उडू लागून चार वर्षे झाली होती.