भोवरा, भंवर आणि मेलस्ट्रॉम

गंगाखेडला गोदावरीच्या पात्रात पाणी गरगरतं, त्याला मराठीत भोवरा म्हणतात. आमच्या दखनी बोलणाऱ्या घरांत त्यालाच भंवर म्हणतात. एक शब्द ‘त्यांचा’, एक ‘आपला’, असं दोन्हीकडे धरून चालतात. वास्तविक दोन्ही आले संस्कृत ‘भ्रमर’पासून. भुंगा घिरट्या घालतो, तसं पाणी. दोरी गुंडाळून फिरवायचा तो भोवरा आणि डोक्यावरचा केसांचाही भोवराच. (दोन असले की दोन लग्नं, हे ऐकलंच असेल!)

फारसीत गिर्दाब. गिर्द म्हणजे गोल, आब म्हणजे पाणी. हा आब मराठीच्या गुलाबात आणि आबरूतही आहे.

इंग्रजीतला मेलस्ट्रॉम मूळचा डच. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळच्या भोवऱ्याचं ते नाव. एडगर ॲलन पो यांनी १८४१ साली त्यावर कथा लिहिली. आपण ‘वादाच्या भोवऱ्यात’ म्हणतो, तसा इंग्रजीतही तो दंगलीला, युद्धाला लागू लागला. पण त्याचा मूळ अर्थ ‘दळणारा प्रवाह’. म्हणजे डचांना पाण्यात जातं दिसलं, माणसाला भरडणारं.

गंगाखेड जनाबाईंचं गाव. इथल्या आठवणीतल्या जात्याला विठ्ठल हात लावतो. आणि विजापूरच्या सूफींनी दखनीत चक्कीनामे रचले, तेही दळणाऱ्या बायकांसाठीच.