मिनी ट्रॅक्टरचे टायर लवकर का झिजतात? कारणे व उपाय

द्राक्ष, डाळिंब बागेत ब्लोअर आणि रोटाव्हेटरसाठी मिनी ट्रॅक्टरचा वापर वाढला आहे. टायर वेळेआधी झिजला की तो बदलला जातो, पण मूळ कारण तसेच राहते आणि नवीन टायरही लवकर खराब होतो. त्यामुळे नवीन जोडी घेण्यापूर्वी जुन्या टायरची झीज नीट पाहावी. झीज कुठे आहे, यावरून कारण कळते.

झिजेवरून कारण ओळखा
• मधला भाग जास्त झिजला : हवा जास्त आहे.
• दोन्ही कडा झिजल्या, बाजूला भेगा पडल्या : हवा कमी किंवा वजन जास्त आहे. कमी हवेमुळे टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटू शकतो.
• पुढील टायर एकाच बाजूने झिजला : चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे किंवा टाय रॉड, बेअरिंग ढिले आहे.
• फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढील दोन्ही टायर लवकर झिजले : डांबरी रस्त्यावर फोर व्हील चालू राहते. यात पुढील चाके मागील चाकांपेक्षा किंचित वेगाने फिरतात. मऊ जमिनीत हा फरक सामावला जातो. कठीण रस्त्यावर मात्र टायर घासतो.
• मागील टायरची नक्षी लवकर झिजली : चाके जागेवर घसरतात. वजन अपुरे आहे किंवा अवजार ट्रॅक्टरच्या ताकदीपेक्षा मोठे आहे.

काय करावे?
• हवेचा दाब आठवड्यातून एकदा, काम सुरू करण्यापूर्वी, टायर थंड असताना गेजने मोजावा. अंदाजाने हवा भरू नये. योग्य दाब ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो.
• मागील टायरमध्ये पाणी भरताना व्हॉल्व्ह वर ठेवावा व साधारण ७५ टक्क्यांपर्यंतच पाणी भरावे. उरलेल्या जागेत हवा भरून दाब तपासावा.
• रस्त्यावर येताच फोर व्हील बंद करावे. ट्रॉलीत क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नये.
• पुढील चाकांमधील अंतर हबच्या उंचीवर पुढून व मागून मोजावे. पुस्तिकेतील मापाशी जुळत नसल्यास मेकॅनिककडून दुरुस्त करून घ्यावे.
• फवारणीनंतर टायर पाण्याने धुवावेत. डिझेल, ऑइल लागू देऊ नये. ट्रॅक्टर सावलीत उभा करावा.

नवीन टायर घेताना
फोर व्हील ट्रॅक्टरला कंपनीने दिलेल्या मापाचेच टायर बसवावेत. पुढील-मागील टायरचे प्रमाण बिघडल्यास गिअर व एक्सलवरही ताण येतो. टायरवरील चार अंकी उत्पादन क्रमांक पाहावा. उदा. २३२४ म्हणजे २०२४ सालातील २३ वा आठवडा. टायरवरील बाणाच्या दिशेनेच तो बसवावा. बिल व वॉरंटी कार्ड जपून ठेवावे. तक्रार करताना झिजलेल्या टायरचे फोटो उपयोगी पडतात.