‘मॉडेल कोणतं?’ : जुन्या पिकअपवरून कालनिश्चितीचा धडा

भडगावात कुणी जुनी पिकअप घेतली, की गाडीभोवती जमलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॉडेल कोणतं?" अहिराणीत विचारतील, "कोणता सालनी शे?" अर्थ एकच. आपल्याकडे मॉडेल म्हणजे साल. "२०१४ चं मॉडेल" एवढं कळलं की किंमत, हप्ता आणि पासिंगचा खर्च यांचा अंदाज लोक उभ्या उभ्या बांधतात.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी या प्रश्नापाशी जरा थांबावं असं मला वाटतं. कारण त्या गाडीला एकच साल नसतं. तिची रचना एका काळातली, इंजिन दुसऱ्या काळातलं, तिला लागू असलेला कायदा तिसऱ्या काळातला, आणि टायर, पाटे, हौदा आणखी वेगळ्या सालांचे. ताम्रपट असो, वाडा असो की पिकअप, वस्तूच्या अंगावर अनेक तारखा असतात. त्या सुट्या करून वाचणं हे इतिहासकाराचं पहिलं काम. जुनी गाडी घेणाऱ्यालाही नेमकं हेच करावं लागतं, फक्त त्याचे पैसे अडकलेले असतात म्हणून तो ते जास्त मन लावून करतो. आज याच उदाहरणावरून साधनचिकित्सा समजून घेऊ.

पहिला थर: रचना

भडगाव शहर रेल्वेमार्गावर नाही. जवळची स्टेशनं कजगाव आणि पाचोरा. त्यामुळे कापूस असो, केळी असो की बाजारचा भाजीपाला, माल आधी रस्त्यावरच चढतो. त्या रस्त्यावर आज जी पिकअप दिसते तिच्याखाली वाकून पाहा. शिडीसारखी लोखंडी चासी, मागे एकसंध ॲक्सल, त्याखाली पोलादी पाट्यांचे गठ्ठे. ही मांडणी नवी नाही. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात विलिस कंपनीने सैन्यासाठी जीप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली, तिच्यातही हेच होतं. १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला परदेशातून आलेले सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या. पुढे भाग इथेच बनू लागले, इगतपुरीला इंजिनं आणि नाशिकला गाड्या तयार होऊ लागल्या. २००० मध्ये ‘बोलेरो’ आली आणि तिच्या नावाची पिकअप खानदेशातल्या गावागावांत पोहोचली.

इथे एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो: "म्हणजे तंत्रज्ञान जुनाट राहिलं." तो टाळा. पाट्यांची मांडणी टिकली, कारण पाटा तुटला तर तो बाजूच्या गावातही बदलता येतो. दुरुस्ती कुठे होते, यावर कोणती रचना टिकते हे ठरतं. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या पुस्तकात हाच मुद्दा जगाच्या पातळीवर मांडला आहे: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून लिहिला की वापर आणि देखभाल नजरेतून सुटतात. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ मध्ये भारतातली सायकल, शिलाई मशीन, टाइपरायटर आणि भाताची गिरणी घेऊन असाच अभ्यास केला. पिकअपवर असं काम करायला भरपूर जागा आहे.

दुसरा थर: शब्द

मुलाखती घेणाऱ्यांसाठी हा थर फार महत्त्वाचा. एखादे आजोबा म्हणतात, "तेव्हा आमचा माल टेंपोने जायचा." हा कोणता टेंपो? १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने ‘बजाज टेंपो’ कंपनी सुरू झाली. टेंपो हे मुळात जर्मन कंपनीचं नाव, आणि तिच्याकडून आलेली पहिली गाडी तीनचाकी होती. नंतर त्याच कंपनीची ‘मॅटॅडोर’ आली. कंपनीचं नाव २००५ मध्ये ‘फोर्स मोटर्स’ झालं, पण मराठीत तोवर ‘टेंपो’ हे सामान्यनाम होऊन बसलं होतं. टाटांची ‘टाटामोबाइल’ १९८८ ची. टाटा एस मे २००५ मध्ये आली, दोन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन असलेली. तिला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणू लागले. आणि आता भडगाव-पाचोऱ्याकडे नुसतं ‘पिकअप’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बोलेरोच येते.

म्हणजे शब्दावरून आठवणीचा काळ ताडता येतो, पण जपून. ‘छोटा हत्ती’ हा शब्द आला तर ती घटना २००५ नंतरची असण्याची शक्यता जास्त. ‘टेंपो’ मात्र १९६० चाही असू शकतो आणि कालचाही. अशा वेळी थेट साल विचारू नका. "चाकं किती होती?", "हँडल होतं की स्टिअरिंग?" असं विचारा. माणसाला साल आठवत नाही, पण हँडल आठवतं.

तिसरा थर: कागद

आरसी बुक म्हणजे गाडीचं अधिकृत साधन. मोटार वाहनांसाठी देशभराचा कायदा १९१४ मध्ये आला, मग १९३९ चा, आणि आज लागू आहे तो १९८८ चा. आरसीवर सतरा अक्षरी चासी नंबर असतो. त्यातली पहिली तीन अक्षरं कारखानदाराची ओळख सांगतात. महिंद्रची गाडी असेल तर सुरुवात ‘एमए१’ अशी. घेणारा शहाणा असेल तर तो आरसीवरचा नंबर चासीवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर-अक्षर ताडून पाहतो. पोथीच्या दोन प्रती पडताळण्यासारखंच हे काम.

पण कागद जे सांगतो तेच खरं धरावं लागतं, हीसुद्धा कायद्याची एक बाजू आहे. गाडी विकली, पैसे मिळाले, पण फॉर्म २९ आणि ३० भरून ती दुसऱ्याच्या नावावर झाली नाही, तर? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नोंदीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईसाठी कायद्याच्या लेखी मालक तोच. मध्ये गाडी चार हातांतून गेली असली तरी फरक पडत नाही. म्हणून जुन्या गाडीची पहिली ‘दुरुस्ती’ गॅरेजात नाही, आरटीओत होते: नाव चढवणं, आणि आधीच्या कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवणं.

इतिहासकाराने यातून घ्यायचा धडा असा: सरकारी कागद प्रशासनाच्या गरजेपुरतं बोलतो. मालक किती झाले हे तो सांगेल, इंजिन किती वेळा खोललं हे सांगणार नाही.

चौथा थर: धूर आणि वायरिंग

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ नियम लागू झाले. त्याआधी तीन दिवस, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेनंतर बीएस-३ गाड्या विकायला मनाई केली. १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. या पायऱ्यांबरोबर डिझेलही बदललं. त्यातलं गंधक बीएस-३ च्या वेळी ३५० पीपीएमपर्यंत चालायचं, बीएस-४ ला ५०, आणि बीएस-६ ला फक्त १०.

गॅरेजातल्या माणसासाठी याचा अर्थ काय झाला? जुन्या इंजिनात डिझेल कधी आणि किती सोडायचं हे यांत्रिक पंप ठरवायचा. फिटर आवाज ऐकून, धुराचा रंग पाहून दोष ओळखायचा. कॉमन रेल इंजिनात सगळं डिझेल एका नळीत हजार बारच्याही वर दाबाखाली ठेवलेलं असतं आणि इंजेक्टर कधी उघडायचा हे संगणक ठरवतो. दोष शोधायला स्कॅनर लागतो. इंजेक्टरच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतील इतक्या बारीक असल्याने डिझेलमधलं थोडं पाणी किंवा तुंबलेला फिल्टरही महागात पडतो. म्हणून "२०१४ की २०१८?" हा प्रश्न किमतीपुरता नाही. त्या चार वर्षांच्या मधून एक रेघ जाते. रेघेच्या एका बाजूला कानाचं ज्ञान पुरत होतं, दुसऱ्या बाजूला ते अपुरं पडू लागलं. फिटरच्या हातातलं कौशल्य कसं बदललं, यावर एक पूर्ण प्रबंध होऊ शकतो.

पाचवा थर: गाडीवरच्या खुणा

मीटरवरचे किलोमीटर हे सहज फिरवता येणारं साधन, त्यामुळे त्यावर एकट्यावर विसंबू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. हा टायर त्याआधी बसवला गेला असणं शक्यच नाही. पुरातत्त्वात थरात सापडलेल्या नाण्यावरून आपण असंच म्हणतो: थर नाण्याच्या तारखेनंतरचा, आधीचा नाही. मीटर चाळीस हजार दाखवतो, पण पायाखालचं क्लच-ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि टायरचा हा तिसरा जोड आहे, तर साधनं एकमेकांशी भांडताहेत. मग कुणाला खोटं बोलायचं कारण आहे, हे विचारा. झिजलेल्या रबराला तसं कारण नसतं.

आणि इतकं करूनही आधीची देखभाल कळत नाही. म्हणून चांगला फिटर काय करतो? इंजिन, गिअर आणि डिफरन्शियलचं ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल एकदाच बदलतो, ब्रेकचे लायनर आणि क्रॉस तपासतो, ग्रीसिंग करतो आणि त्या दिवसाचे किलोमीटर वहीत लिहितो. आम्ही प्रयोगशाळेत याला बेसलाइन म्हणतो. मागचं माहीत नसेल तर आजपासूनचं तरी पक्कं माहीत असावं.

बदल म्हणजे सुधारणा?

गाडी घेतली की पहिली हौस ‘पाटा वाढवायची’. ढोबळ हिशेब असा की गठ्ठ्याचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या आणि प्रत्येकाच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. आठ पाट्यांत त्याच जाडीचा नववा घातला तर ताठरपणा सुमारे साडेबारा टक्क्यांनी वाढतो. पण ब्रेक, ॲक्सल, टायर आणि चासी जिथल्या तिथेच राहतात. पाटा वाढल्याने गाडी जास्त ओझं पेलू लागत नाही, ती फक्त कमी वाकते. उलट पूर्वी गाडी बसली की डोळ्यांना कळायचं, आता कळत नाही. ब्रेकला मात्र कळतं: वजन दीडपट तर थांबवायची ऊर्जा दीडपट, आणि वेग दुप्पट झाला तर चौपट.

कायदाही याच दिशेचा आहे. १९८८ च्या कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलं होतं. मग पैसे कुठे घालावेत? योग्य भारक्षमतेचे टायर, ब्रेक, गंज काढून खालून रंग, नीट फ्यूज टाकलेलं वायरिंग, मागची रिफ्लेक्टर पट्टी. दिसायला यात काही नाही, पण पोळ्यानंतरच्या पावसात रात्री माल घेऊन निघालेल्या माणसाच्या कामाचं हेच आहे.

आता काय करायचं?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे घरोघर फिरून दप्तरं गोळा करायचे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चे बावीस खंड त्यातून निघाले. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचं निधन झालं, आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. आपल्या काळातली अशी दप्तरं स्पेअर पार्टच्या दुकानातली बिलबुकं आहेत, फिटरच्या तेलकट वह्या आहेत, हौदे बांधणाऱ्यांचे हिशेब आहेत. ती कुठल्याच अभिलेखागारात जात नाहीत. २०२१ पासून स्क्रॅप धोरण आलं आहे. फिटनेसमध्ये नापास झालेल्या गाड्या भंगारात जातील, आणि त्यांच्याबरोबर गाडीवरच्या खुणाही.

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरात राहून पेटची तयारी करणाऱ्या मंडळींना माझी सूचना एवढीच: विषय शोधत असाल तर जवळच्या गॅरेजात परवानगी घेऊन एक दिवस बसा. जुन्या वहीचे फोटो काढू द्याल का, विचारा. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने करा: काय बदललं, का बदललं, कुणी सांगितलं. महिनाभरात तुमच्याकडे कुठल्याही पुस्तकात नसलेलं साधन तयार झालेलं असेल.