कूळ आणि संघ

मराठींत ‘कूळ’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वंश, ज्याच्या आधारावर मनुष्य उभा असतो. दुसरा, दुसऱ्याची जमीन खंडानें कसणारा, ज्याच्या पायांखालची भूमि त्याची नसते. हे दोन्ही अर्थ एकाच पिढीनें भोगल्याचें उदाहरण आम्हांस अमेरिकेंतील ह्मोंग लोकांच्या इतिहासांत आढळतें.

ह्मोंग हे मूळचे दक्षिण चीनमधील डोंगरी लोक. एकोणिसाव्या शतकांत त्यांपैकीं कांहीं लाओसच्या पर्वतराजींत आले. जंगल तोडून, जाळून ते भात, मका व अफू पिकवीत आणि जमिनीचा कस संपला कीं पुढें सरकत. आमच्याकडील कुमरीचीच ही रीत. जमिनीचा कागद त्यांजपाशीं नव्हता. अडीनडीला उपयोगीं पडे तें कूळ. एका आडनांवाचीं माणसें भाऊबंद समजलीं जात. त्यांच्यांत सोयरीक होत नसे. आणि परगांवीं आडनांव सांगतांच आसरा मिळे.

१९६१ पासून अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें वांग पाव ह्या सेनानीच्या हाताखालीं ह्मोंगांचें सैन्य उभारलें. १९७५ च्या मे महिन्यांत त्या सेनानीला विमानानें बाहेर काढण्यांत आलें. मागें राहिलेले हजारों लोक मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेले, व त्यांपैकीं पुष्कळजण पुढें अमेरिकेंत. मिनेसोटांतील सेंट पॉल शहरीं त्यांची मोठी वसाहत झाली.

तेथें वडीलधाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतें, पण भाजीपाला पिकवितां येत होता. शहराच्या बाजारांत त्यांनीं जम बसविला. परंतु जमीन परक्याची, आणि पुढल्या हंगामाची शाश्वती नाहीं. अशा शेतांत फळझाड कोण लावील? खत घालून कस वाढवावा, तर लाभ मालकाचा. आणि येथें रक्ताचें कूळ कामास येईना. कारण मदतीस धांवणारा भाऊहि त्याच्यासारखाच दुसऱ्या अर्थाचें कूळ होता.

२०११ सालीं कांहीं शेतकरी कुटुंबांनीं ह्मोंग अमेरिकन शेतकरी संघ स्थापन केला. पुढें एका हितचिंतकानें डकोटा काउंटींत १५५ एकर जमीन घेऊन ती संघास दीर्घ मुदतीनें दिली, व संघानें तिचे तुकडे सभासदांस कसावयास दिले. शेतीचें शिक्षण, लहान कर्जें, आणि सर्वांचा माल एकत्र करून शाळांना व घरोघरच्या ग्राहकांना विकणें, हीं कामेंहि त्यानें अंगावर घेतलीं. २०२२ सालीं ती जमीन संघानें विकत घेतली.

कोणी म्हणतील, यांत मालक तेवढा बदलला. सभासद खंड भरतोच. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु शेत विकून सभासदाला उठविण्यांत ज्याचें हित आहे, असा मालक आतां उरला नाहीं, ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय कुळांत मनुष्य जन्मास येतो. संघांत तो समजून-उमजून शिरतो, आणि भिन्न आडनांवाच्या शेजाऱ्यास आपला म्हणतो. डोंगरांतील भाऊबंदकी त्यानें टाकली नाहीं. तिची सीमा तेवढी रुंद केली. आमच्या मतें ह्या इतिहासाचें मर्म येथेंच आहे.